वाणातली ठुशी

साईनाथ राऊळचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला कोण अभिमान! दूध आलं की तो उकळायच्या आधी वास घेऊन बघायचा आणि उकळल्यावर पुन्हा बघायचा. वाण्याकडची तूरडाळ घरी आणून परत तोलायचा. (काटा त्याने स्वतः निवडून आणला होता, पण काटा विकणारा तरी कुठला हरिश्चंद्र?) दाराचं कुलूप ओढून बघून तो जिना उतरायचा आणि अर्ध्यातून परत वर येऊन पुन्हा ओढायचा. स्वतःच्या मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा तो मनातल्या मनात हळू आवाजात वाचायचा.

अशा माणसाच्या घरात सोनं असणं म्हणजे घरात वाघ पाळण्यापैकीच. आणि राऊळांच्या घरात होती एक ठुशी. साईनाथच्या पणजीची. कुडाळहून मुंबईला आली, मुंबईहून डोंबिवलीला. अस्सल सोन्याचे बारीक मणी, आत लाख भरलेली, मागे लाल गोंडा. साईनाथच्या आईने, म्हणजे शेवंतीबाईंनी, ती लग्नात सुनेच्या गळ्यात घातली. "आता ही तुझी," असं चार माणसांत सांगितलं. आणि सत्यनारायण उरकल्याबरोबर साईनाथने ती "सांभाळायला" म्हणून काढून घेतली आणि बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. रुचिताच्या वाट्याला ठुशी आली ती कुणाच्या लग्नाकार्यापुरती, तीही मांडवात साईनाथ तिच्यामागे दोन पावलांवर चालणार या अटीवर. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे हो बायकोवर!

या ठुशीला एक खूण होती. साईनाथ दोन वर्षांचा असताना आईच्या कडेवरून त्याने ती कडाडून चावली होती. मधला एक मणी चेपला तो कायमचा. (सोनं खरं आहे की नाही हे त्याने तेव्हाच तपासून घेतलं, असं शेवंतीबाई म्हणायच्या.)

तर झालं काय, डिसेंबरात एका चुलतभावाच्या लग्नासाठी ठुशी लॉकरमधून निघाली. लग्न झालं. साईनाथ ती परत ठेवायला बँकेत गेला, तर तिथला कारकून हसून म्हणाला, "या या, राऊळसाहेब!"

साईनाथ दारातच थबकला. याला माझं नाव कसं माहीत? (तो त्या बँकेत बारा वर्षं जात होता. पण संशयाला हिशेब नसतो.) तो तसाच पाठ फिरवून घरी आला आणि रुचिताला म्हणाला, "ठेवली लॉकरमध्ये."

त्यानंतर ठुशीचे जे हाल सुरू झाले ते विचारू नका. आज तांदळाच्या डब्यात, उद्या जुन्या मिक्सरच्या भांड्यात, परवा देव्हाऱ्यामागे. रुचिता कशाचंही झाकण उघडायला गेली की साईनाथ "मी देतो, मी देतो" करत पुढे. नवरा घरकामात मदत करायला लागला म्हणून ती बिचारी दोन दिवस खूश होती. तिसऱ्या दिवशी तिलाही संशय यायला लागला.

त्यातच शेजारच्या बिल्डिंगमध्ये चोरी झाली. चोरांनी कपाट फोडलं, खरे दागिने नेले आणि खोटे सगळे निवडून जमिनीवर फेकून दिले! ही बातमी ऐकून बाकीच्यांनी जादा कुलपं आणली. साईनाथच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. चोर खोट्याला हात लावत नाही. मग सोनं लपवायचं तर कुठे? खोट्या सोन्यात!

आणि देवाच्या दयेने म्हणा की कोपाने म्हणा, घरात खोट्या सोन्याचं खोकंच येऊन पडलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला रुचिताने कल्याणच्या होलसेल मार्केटमधून पंचवीस ठुश्या आणल्या होत्या. "अँटिक फिनिश", एकेक प्लास्टिकच्या पाकिटात. आता गंमत बघा. खरं सोनं जुनं होऊन मळकट दिसायला लागतं, आणि हल्लीचं खोटं सोनं खऱ्यासारखं दिसावं म्हणून मुद्दाम मळकट करतात. साईनाथने पणजीची ठुशी तसल्याच पाकिटात घातली, खोक्यात खाली सारली आणि स्वतःच्याच बुद्धीवर खूश होऊन झोपला. हळदीकुंकू रविवारी. शनिवारी सुट्टी. शनिवारी हळूच काढून घ्यायची. आहे काय आणि नाही काय!

शुक्रवारी संध्याकाळी तो ठाण्याच्या ऑफिसातून घरी आला तर दारात चपलांचा ढीग. आतून अत्तराचा वास. रुचिता दारात आली, काळी साडी नेसलेली, कपाळावर हळदीकुंकू.

"हे काय? रविवारी होतं ना?"

"अहो, कलावतीवहिनींनी रविवार धरला. चेअरमनच्या बायकोशी कोण वाद घालणार? मी आजच उरकून टाकलं." मग मान वर करून ती म्हणाली, "कशी दिसतेय मी?"

"छान," साईनाथ तिच्या खांद्यावरून आतल्या खोक्याकडे बघत म्हणाला. खोकं जमिनीवर उपडं पडलेलं होतं. "वाण... किती उरलं?"

"एकही नाही. सगळं लुटलं."

लुटलं! साईनाथच्या पायाखालची फरशी सरकली. आयुष्यभर चोराची वाट बघितली आणि शेवटी बायकोनेच पंचवीस बायकांना बोलावून, अत्तर लावून, गुलाबपाणी शिंपडून घर लुटून दिलं!

"काय झालं? चेहरा असा का? हरवलंय का काही तुमचं?"

"माझं? छे! माझं काय हरवणार?" साईनाथ म्हणाला. लॉकरमध्ये ठेवली म्हणून सांगितलेली वस्तू वाणात गेली, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात फोन वाजला. कुडाळहून आई.

"रथसप्तमीक मी येतंय रे. शुभदाच्या चेडवाचा लगीन आसा ना ठाण्याक. सुनेच्या गळ्यात ठुशी दिसाक होयी हां! काढून ठेव."

शुभदा म्हणजे साईनाथची बहीण, राहायला ठाण्यात वर्तकनगरला; लग्न तिच्या मुलीचं. म्हणजे सगळं गणगोत त्या लग्नात हजर असणार, आणि आईची नजर सुनेच्या गळ्यावर. साईनाथला रात्रभर झोप नाही. कुणाला सांगून टाकावं तर पंचाईत. "बायांनो, तुमच्यापैकी एकीकडची ठुशी खरी आहे," असं म्हटलं तर कोण शहाणी परत आणून देईल? त्यापेक्षा गुपचूप शोधावी. चेपलेला मणी बघायचा, बस.

पण मणी बघायचा म्हणजे ठुशी बघायची, आणि ठुशी बघायची म्हणजे... आलं ना लक्षात?

सकाळी लिफ्टमध्ये कलावतीवहिनी भेटल्या. गळ्यात ठुशी. साईनाथने मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूने वाकडी केली. मग दिवा अंधूक म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला.

"काय बघताय, भावोजी?"

"ठुशी. छान आहे."

"तुमच्याकडचीच आहे."

"हो ना. म्हणूनच. जरा जवळून बघितली तर चालेल?"

कलावतीवहिनी राहायला सहाव्या मजल्यावर. उतरल्या तिसऱ्यावर. उरलेले जिने त्या चढून गेल्या, गुडघे दुखत असताना.

गेटवर मासे विकणाऱ्या हौसाबाईलाही रुचिताने वाण दिलं होतं. साईनाथ तिच्या पाटीसमोर उकिडवा बसला आणि बोंबलांचा भाव विचारत तिच्या गळ्यातले मणी तपासू लागला. हौसाबाईने बराच वेळ सहन केलं. मग सुरी आपटून म्हणाली, "सायेब, मासं खाली पाटीत हायती. वर न्हाई!"

साईनाथ अर्धा किलो बोंबील घेऊन घरी आला. हौसाबाईची ठुशी नीट दिसली नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंबील. तिसऱ्या दिवशी मणी नीट दिसले, एकही चेपलेला नाही, आणि रुचिताने बोंबील शेजारी वाटायला सुरुवात केली.

चार दिवसांत मोरया दर्शन सोसायटीत एक चमत्कार झाला. बायका लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागल्या. थंडी नसताना मफलर दिसू लागले. जिमचे पैसे भरूनही न हललेल्या बायका राऊळभावोजी दिसले की पळत सुटायच्या. आणि साईनाथ मनात म्हणायचा, बघा, माल दाबून बसल्यात! नाहीतर गळा कशाला झाकतील?

घरात रुचिता मात्र शांत. काही विचारत नाही, काही बोलत नाही. एवढी शांत बायको साईनाथला फार संशयास्पद वाटली. जेवताना ती मध्येच म्हणाली, "आज माझ्यात काही वेगळं दिसतंय का?"

हा नक्की सापळा असणार. वाढदिवस? नाही. केस कापले? कोण जाणे. "भात मोकळा झालाय," साईनाथ ताटात बघत म्हणाला.

"बरं," रुचिता म्हणाली आणि ताट उचललं.

शेवटी साईनाथने मोठी चाल खेळली. कल्याणला जाऊन नव्या पंचवीस ठुश्या आणल्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: "हळदीकुंकवात दिलेल्या ठुश्यांच्या पॉलिशमध्ये दोष आढळला आहे. मान काळी पडू शकते. जुनी ठुशी परत करून नवी मोफत घेऊन जावी. आपला, साईनाथ राऊळ, चौथा मजला."

दहा मिनिटांनी कलावतीवहिनींचं उत्तर आलं: "वाण परत करत नाहीत. परत घेतही नाहीत. सवाष्णीला शोभत नाही." खाली बाकीच्या जणींचे हात जोडलेले.

पण खरी चर्चा ग्रुपवर नाही, तर जिन्यात झाली. मोफत? राऊळ? जो माणूस गणपतीची वर्गणी देताना पावतीपुस्तकाचे नंबर सलग आहेत का ते तपासतो, तो फुकट ठुशी वाटतोय? टॉर्च लावून गळे बघतोय? "बायांनो," कलावतीवहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "यात नक्की एखादी सोन्याची आहे."

झालं! त्या संध्याकाळी नाक्यावरच्या सराफाच्या दुकानात मोरया दर्शन सोसायटी लोटली. साईनाथ समोरच्या रसवंतीच्या खांबाआड उसाच्या रसाचा ग्लास धरून उभा. एकेक ठुशी काउंटरवर येत होती आणि त्याचा जीव वर-खाली होत होता.

"ताई, हे पितळ आहे," सराफ म्हणाला. "तुमचंही पितळ. मावशी, तुमचंही. अहो, दगडावर घासायची गरजच नाही, लांबून दिसतंय! पितळ. पितळ. हिला तर पितळ म्हणणंही जिवावर येतं."

"म्हणजे?" कलावतीवहिनी कडाडल्या. "रुचिताने आम्हाला खोटी ठुशी दिली?"

काल दुपारपर्यंत याच ठुशीचं त्यांना केवढं कौतुक! आज त्या फसवल्या गेल्या होत्या. सगळ्या जणी फणफणत बाहेर पडल्या आणि खांबाआडच्या साईनाथने मनात मोजदाद केली. हौसाबाई धरून सगळ्या झाल्या, एक तळमजल्यावरच्या रंभाकाकू सोडून. रंभाकाकू हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी लेकीकडे गेल्या होत्या, कोपरीला. दुसऱ्याच दिवशी! इतकी घाई कशाला? हं!

दुसऱ्या दिवशी रथसप्तमी. आई दुपारी पोचणार होती. साईनाथने ऑफिसला दांडी मारली आणि सकाळीच कोपरी गाठली. रंभाकाकूंनी दार उघडलं. त्यांचा गळा रिकामा.

"काकू, ती वाणातली ठुशी?"

"अगोबाई, त्यासाठी एवढ्या लांब आलात? तुटली हो ती. नातीने ओढली. मणी ठेवलेत डबीत."

पणजीची ठुशी तुटली! साईनाथने डबी जमिनीवर उपडी केली आणि गुडघे टेकून मणी बघायला लागला. सगळेच मणी थोडेथोडे चेपलेले. आता ओळखायचं कसं? त्याला एकच उपाय माहीत होता, दोन वर्षांचा असल्यापासूनचा. त्याने एक मणी दाढेखाली धरला आणि चावला. मग दुसरा. मग तिसरा.

रंभाकाकू हळूच म्हणाल्या, "साईनाथराव, नाश्ता झाला नसेल तर पोहे टाकू का?"

सगळे मणी पितळेचे निघाले. एका दाढेचं सिमेंट मात्र निघून हातात आलं. साईनाथ जिना उतरला तो ओठांवर काळं पॉलिश घेऊन, आणि डोक्यात आणखी काळा विचार घेऊन. पंचवीसच्या पंचवीस ठुश्या खोट्या. मग खरी गेली कुठे? खोकं कुणाच्या हातात होतं? रुचिताच्या! "हरवलंय का काही तुमचं?" असं कुणी विचारलं? रुचिताने! इतके दिवस शांत कोण? रुचिता! अरे देवा! ज्या घरात मी कुलूप ओढून ओढून हात सोलून घेतले, तिथे चोर आतच, आणि मला डबा भरून देतोय!

तो धापा टाकत घरात शिरला. शेवंतीबाई आधीच येऊन कोचावर बसल्या होत्या. हातात चहा. रुचिता स्वयंपाकघराच्या दारात.

"आई," साईनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बरं झालं आलीस. तुझ्यासमोरच निकाल लागू दे. तुझी ठुशी—"

"ती काय! मी बघलंय ना, दारात पाय ठेवल्याबरोबर!" शेवंतीबाईंचा चेहरा फुलला होता. "गो बाय माझे, कशी शोभता तुका! अशीच घाल रोज. पेटयेत ठेवन काय लोणचा घालूचा आसा?"

साईनाथने वळून बघितलं. रुचिताच्या गळ्यात ठुशी होती. मागे लाल गोंडा.

"ही... ही कधी घातलीस?"

"हळदीकुंकवाच्या दिवशी," रुचिता म्हणाली. "वाणाची पाकिटं भरली आहेत का नीट, म्हणून एकेक उघडून बघत होते. होलसेलवाल्यावर काय विश्वास? तर त्यात ही. तुमचे दात ओळखले मी. माझी ठुशी, माझ्याच वाणात, माझ्यापासून लपवलेली. भांडणारच होते. मग म्हटलं, नको. गळ्यात घालते आणि बघते कधी लक्ष जातंय. त्या दिवशी दारात उभी राहिले, कशी दिसतेय विचारलं. जेवताना विचारलं, काही वेगळं दिसतंय का. रोज सकाळी डबा देताना समोर उभी राहते. तुम्ही सगळ्या डोंबिवलीच्या बायकांचे गळे बघितलेत हो. कोळणीचासुद्धा सोडला नाहीत. घरातला तेवढा राहिला."

साईनाथला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. माफी मागावी म्हणून त्याने तोंडसुद्धा उघडलं. पण जित्याची खोड! उघडलेल्या तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"पण ही तीच कशावरून?"

"बघा ना मग," रुचिताने हनुवटी वर केली. "एवढे गळे बघितलेत, हाही बघा."

साईनाथने मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि बायकोच्या गळ्याशी वाकला. मणी चेपलेला होता. त्याचेच दात. आणि मग पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की ठुशी तिला खरंच फार शोभते. तो तसाच वाकून राहिला.

दार उघडंच होतं. (कुलूप दुसऱ्यांदा काय, पहिल्यांदासुद्धा ओढायचं राहिलं होतं.) खोट्या ठुशीचा जाब विचारायला आलेल्या कलावतीवहिनी उंबरठ्यावरच थांबल्या. त्यांनी साईनाथकडे बघितलं, टॉर्चकडे बघितलं, रुचिताच्या गळ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून माघारी वळल्या.

दोनच मिनिटांत साईनाथच्या हातातला मोबाइल वाजला. सोसायटीचा ग्रुप.

"सर्व भगिनींना कळविण्यात आनंद होतो की राऊळभावोजी आजपासून स्वतःच्या बायकोच्या गळ्याकडे बघू लागले आहेत. आता लिफ्ट वापरायला हरकत नाही."